धोक्याच्या दिव्याची साक्ष

इटलीच्या उत्तर भागांत मोदेना शहराजवळ मारानेल्लो नांवाचें एक लहान गांव आहे. एंझो फेरारी यांच्या कारखान्यांतून फेरारी हें नांव धारण करणारी पहिली मोटार १९४७ सालीं येथेंच बाहेर पडली. आणि वेगवान व अतिशय महाग मोटारींविषयीं बोलणें निघालें कीं या कारखान्याचें नांव आज आपोआप ओठांवर येतें. अशा कारखान्याची गाडी घेणाऱ्यानें तिच्यांतील प्रत्येक वस्तु निर्दोष असावी अशी अपेक्षा केली, तर ती अवाजवी म्हणतां यावयाची नाहीं. परंतु मौज अशी कीं, याच कारखान्याच्या एका नांवाजलेल्या गाडीचा एक सर्वपरिचित दोष तिच्या इंजिनांत नसून, ‘इंजिन धोक्यांत आहे’ असें सांगणाऱ्या दिव्यांत आहे!

ती गाडी म्हणजे ‘एफ ३५५’. १९९४ पासून १९९९ पर्यंत ती तयार होत असे, आणि एकंदर अकरा हजारांहून थोड्या अधिक गाड्या निघाल्या. नांवांतील पहिले दोन आंकडे साडेतीन लिटर आकारमानाचे, आणि शेवटचा पांच हा प्रत्येक सिलिंडरास असलेल्या पांच झडपांचा. सिलिंडर आठ, चार उजवीकडे व चार डावीकडे अशा दोन रांगांत बसविलेले. इंजिन पुढें नसून चालकाच्या पाठीमागें असतें, आणि मिनिटास ८,२५० फेरे घेत असतां तें सुमारें ३७५ अश्वशक्ति देतें. चालकाच्या डोळ्यांपुढील फळीवर इतर दिव्यांबरोबर ‘स्लो डाउन’, म्हणजे ‘वेग कमी करा’, अशी आज्ञा करणारे दिवे असतात. गाडी अगदीं सुरळीत धांवत असतां यांपैकीं एखादा दिवा एकाएकीं लागावा, मालकाच्या छातींत धस्स व्हावें, गाडी बाजूस घेऊन पाहावें तों कोठेंच कांहीं नाहीं, आणि पुढच्या वळणावर दिवा आपला आपण विझावा, हा अनुभव त्या गाडीच्या कित्येक मालकांस आलेला आहे.

वाचकांपैकीं बहुतेकांच्या दारांत अशी गाडी उभी असण्याचा संभव नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या दारांत तर सायकलीवांचून दुसरें वाहन कधीं उभें राहिलें नाहीं. मग श्रीमंतांच्या या दुखण्याची चिकित्सा आपण कां करावी? कारण दोन. एक, त्याच जातीचा दिवा आज आपल्या मुलांच्या व जांवयांच्या साध्या मोटारींतही बसविलेला आहे. आणि दुसरें, ज्याच्या शब्दावर आपली सुरक्षितता अवलंबून, तोच साक्षीदार कधीं खरें व कधीं खोटें बोलूं लागला म्हणजे कसें वागावें, हा प्रश्न मोटारीपुरता नाहीं. या गाडीच्या उदाहरणांत तो फार स्वच्छ रीतीनें मांडतां येतो, एवढेंच.

प्रथम, हा दिवा कशाविषयीं साक्ष देतो तें पाहूं. पेट्रोल जळल्यावर इंजिनांतून जो धूर बाहेर पडतो त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु, न जळलेल्या इंधनाचा अंश आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें असतात. हीं द्रव्यें हवेंत जाण्यापूर्वीं निरुपद्रवी व्हावीं म्हणून धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें पात्र बसवितात. आंत चिनी मातीच्या जातीचा, मधाच्या पोळ्यासारखा असंख्य छिद्रांचा ठोकळा असतो, व त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म लेप असतो. या धातूंच्या केवळ सान्निध्यानें विषारी वायूंचें रूपांतर होतें. धातु स्वतः खर्च होत नाहींत. युजीन हूद्री या फ्रेंच यंत्रज्ञानें अमेरिकेंत राहून या युक्तीचा पाया घातला, आणि तेथील १९७५ सालच्या मोटारींपासून ती सर्रास वापरांत आली. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या मोटारींस हें पात्र सक्तीचें झालें. त्याच वेळीं शिसें नसलेलें पेट्रोलही तेथें मिळूं लागलें, कारण शिशाचा संपर्क झाला कीं तो लेप निकामी होतो.

हें पात्र नेहमींच्या कामांत सुमारें चारशें ते आठशें अंश सेल्सिअस इतकें तापतें, आणि तितकी उष्णता त्यास मानवतेही. अनर्थ होतो तो निराळ्या मार्गानें. समजा, एका सिलिंडरांतील ठिणगी पडेनाशी झाली. त्या सिलिंडरांत शिरलेलें पेट्रोल न जळतां तसेंच नळींतून पुढें जातें व या तापलेल्या पात्रांत येऊन जळूं लागतें. जें जळण इंजिनाच्या पोटांत व्हावयाचें तें धुराच्या नळींत होऊं लागतें! मग उष्णता हजार अंशांच्याही वर चढते. आंतील ठोकळा तडकतो, प्रसंगीं वितळतो. छिद्रें बुजून धूर कोंडतो. आणि आजूबाजूच्या तारा, रबरी नळ्या व इतर ज्वालाग्राही वस्तु यांना झळ पोहोंचते. इंजिन चालकाच्या पाठीशींच असल्यामुळें त्याला पाठीमागील आग लवकर दिसत नाहीं. म्हणून डोळ्यांपुढें दिवा. ‘वेग कमी करा’ ही आज्ञा निष्कारण दिलेली नाहीं. ती पाळली नाहीं तर गाडी जळूं शकते, आणि गाडींत माणूस असतो.

आतां ही उष्णता दिव्याला कळते कशी? सन १८२१ मध्यें टोमास योहान झेबेक या शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, दोन भिन्न धातूंच्या तारांचीं टोकें जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर त्या मंडलाशेजारील चुंबकसूची हलते. तारांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, हें त्याचें कारण पुढें स्पष्ट झालें. याच तत्त्वावर थर्मोकपल नांवाचें उष्णतामापक बनतें. पात्रांत त्याचें टोंक खुपसलेलें असतें, आणि त्याच्या तारा इंजिनाच्या कप्प्यांतील एका लहानशा विद्युत्-पेटीकडे जातात. उजव्या रांगेस एक पेटी व डाव्या रांगेस दुसरी. पेटीनें तो दाब मोजावयाचा, तो मर्यादेबाहेर गेला असें दिसतांच दिवा लावावयाचा, अशी ही व्यवस्था.

परंतु हा दाब किती सूक्ष्म असतो? अशा कामीं जी निकेलच्या मिश्रधातूंची जोडी सामान्यतः वापरतात, तिच्यांत एका अंशास सुमारें एकेचाळीस मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा एकेचाळीस दशलक्षांश, एवढाच दाब निघतो. पात्र नऊशें अंश तापलें तरी सगळा मिळून सदतीस मिलिव्होल्टांच्या आसपास. आपल्या विजेरींतील साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा हा आवाज! इतक्या बारीक कुजबुजीवर ज्या पेटीनें निर्णय द्यावयाचा, तीच इंजिनाच्या धगीपाशीं, धक्क्यांत व ओलाव्यांत पंचवीस-तीस वर्षें काढते. तिच्यांतील सांधे ढिले होतात, जोडणीच्या खुंट्यांवर मळ चढतो, तारेचें वेष्टण कडक होऊन तडकतें. मग पात्र थंड असतांही पेटीस तें तापल्याचा भास होतो.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. थर्मोकपलची तार तुटली तर ‘उष्णता शून्य’ असें न समजतां ‘उष्णता फार’ असेंच समजावें, अशी योजना या जातीच्या यंत्रांत पुष्कळदा हेतुपुरस्सर केलेली असते. साक्षीदार मुका झाला तर त्यानें स्वस्थ न बसतां आरडाओरड करावी, हा योजकाचा विचार. म्हणजे खोट्या दिव्यांपैकीं कांहीं दिवे हे केवळ यंत्राचें दौर्बल्य नसून, सावधपणाच्या बाजूनें केलेली ती चूक असते. रात्रीं विनाकारण भुंकणाऱ्या कुत्र्यास आपण रागें भरतों; पण चोर आला असतां झोपणाऱ्या कुत्र्यापेक्षां तो बरा, हें विसरत नाहीं.

ज्यांनीं न्यायशास्त्राचीं पहिलीं पानें चाळलीं आहेत, त्यांना हा सगळा प्रकार परिचयाचा वाटेल. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे, हें अनुमानाचें आपलें नेहमींचें उदाहरण. धूर हा हेतु, अग्नि हें साध्य. आणि जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, हा नियम म्हणजे व्याप्ति. स्वयंपाकघरांत आपण ती रोज पाहतों. मोटारीचा चालकही हेंच अनुमान करतो: दिवा लागला, म्हणून उष्णता वाढली. फरक एवढाच कीं, धूर व अग्नि यांचा संबंध सृष्टीनें जोडलेला आहे, आणि दिवा व उष्णता यांचा संबंध तांब्याच्या तारेनें. सृष्टीचा संबंध झिजत नाहीं, तार झिजते. ज्या दिवशीं उष्णतेवांचून दिवा लागूं लागला त्या दिवशीं हेतु व्यभिचारी झाला. शास्त्रकार अशाला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. दिवा उष्णतेचा साक्षी आहे खरा, परंतु पेटी व तार शाबूत असतील तरच, अशी एक अट त्या व्याप्तीला चिकटलेली आहे. ओल्या सर्पणाचा संयोग असेल तरच अग्नीपासून धूर निघतो, तशांतलाच हा उपाधि होय.

उलट बाजूही शास्त्रानें सांगून ठेविली आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. म्हणून धूर दिसत नाहीं एवढ्यावरून अग्नि नाहीं असें ठरत नाहीं. दिवा विझलेला असणें म्हणजे पात्र थंड असणें नव्हे. या लोखंडाच्या गोळ्याकडे आपणांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

आतां व्यवहार. चालत्या गाडींत दिवा लागला असतां तो खरा कीं खोटा हा वाद तेथेंच करीत बसूं नये. त्या क्षणीं तो खराच मानावा, वेग कमी करावा, आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. वाळलेल्या गवतावर मात्र ती उभी करूं नये. तापलेल्या पात्राच्या स्पर्शानें गवत पेटूं शकतें. थांबतां थांबतां चार गोष्टींकडे लक्ष द्यावें: इंजिनाचा आवाज एकसारखा आहे कीं अडखळता, जोर कमी झाला आहे काय, जळकट किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो काय, आणि गाडीच्या पोटाखालीं लालसर झांक दिसते काय. यांपैकीं एकही खूण असेल तर इंजिन बंद करावें व गाडी ओढूनच न्यावी. एकही खूण नसेल, तर दिव्याच्या साक्षीविषयीं शंका घेण्यास जागा आहे, एवढेंच म्हणावें. दिवा खोटा ठरला असें म्हणूं नये.

या प्रसंगीं दिव्याकडे पाहतां पाहतां रस्ता विसरूं नये, हें निराळें सांगण्याचें कारण नसावें. परंतु एका मोठ्या अपघातामुळें तें सांगावेंसें वाटतें. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्रीं न्यूयॉर्कहून निघालेलें ईस्टर्न एअर लाइन्सचें ४०१ क्रमांकाचें विमान मायामीस उतरण्याच्या बेतांत होतें. पुढचें चाक खालीं आल्याची खूण देणारा दिवा लागेना. वैमानिकांनीं विमान दोन हजार फुटांवर नेऊन स्वयंचलित यंत्राच्या स्वाधीन केलें, आणि सर्वांनीं त्या दिव्याची व चाकाची तपासणी आरंभिली. मध्यंतरीं उंची राखणारें तें यंत्र नकळत सुटलें, आणि विमान हळूहळू खालीं येत आहे हें कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. १७६ माणसांपैकीं १०१ माणसें एव्हरग्लेड्सच्या दलदलींत प्राणांस मुकलीं. पुढें चौकशींत आढळलें कीं, चाक व्यवस्थित खालीं आलेलें होतें. दिव्याचे बल्ब तेवढे जळाले होते. मोडलेल्या दिव्यानें विमान पाडलें नाहीं. सर्वांचें लक्ष त्यानें एकट्यानें गिळलें, म्हणून तें पडलें.

गाडी घरीं किंवा गॅरेजमध्यें पोहोंचल्यावर खरी परीक्षा. येथें अनुभवी मेकॅनिक जी युक्ति योजतात ती इतकी साधी व इतकी तर्कशुद्ध आहे कीं, ती पाहून एखाद्या नैयायिकानेंही मान डोलवावी. उजवीकडची व डावीकडची अशा दोन्ही पेट्या सारख्याच असतात, असें वर आलें आहे. इंजिन थंड झाल्यावर व बॅटरीची तार सोडून त्या दोन पेट्यांची अदलाबदल करावी, आणि गाडी पुन्हां नेहमींप्रमाणें चालवावी. पूर्वीं उजव्या रांगेचा दिवा लागत असे. आतां तो विझून डावीकडचा लागूं लागला, तर दोष पेटीचा. पेटी जेथें गेली तेथें दोष गेला. पेटी जेथून निघाली तेथून दोष निघाला. ‘जें असतां जें असतें, आणि जें नसतां जें नसतें’, हा जो अन्वय-व्यतिरेकाचा नियम आपण पोथींत पढतों, तो येथें प्रत्यक्ष पाना-पेंचकसानें सिद्ध होतो! एक पैसाही खर्च न करतां आरोपी सांपडला.

अदलाबदल करूनही दिवा मूळच्याच बाजूस लागत राहिला, तर पेटी निर्दोष. मग दोष त्या बाजूच्या थर्मोकपलांत किंवा तारेंत असावा, अथवा उष्णता खरोखरीच वाढलेली असावी. येथें दुसरा, स्वतंत्र साक्षीदार बोलवावा. स्पर्श न करतां दुरून उष्णता मोजणारें अवरक्त किरणांचें हातांत धरावयाचें मापक आतां सहज मिळतें. इंजिन तापल्यावर त्यानें दोन्ही बाजूंचीं पात्रें सारख्याच जागीं मोजून पाहावीं. चकचकीत धातूवर या मापकाचा आंकडा तंतोतंत बरोबर येत नाहीं, म्हणून एकट्या आंकड्यावर भिस्त न ठेवतां उजव्या-डाव्यांची तुलना करावी. दोन्ही सारखीं असून दिवा मात्र एकाच बाजूचा लागत असेल, तर थर्मोकपल किंवा त्याची तार बदलावी. एक बाजू स्पष्टपणें अधिक तापलेली असेल, तर दिवा खरें बोलत होता. आपणच त्याच्यावर निष्कारण संशय घेतला.

तिसराही एक प्रकार संभवतो, व तोच सर्वांत फसवा. पेट्या बदलल्या आणि दिवा लागायचाच थांबला. यांत आनंद मानण्याचें कारण नाहीं. जोडणीच्या खुंट्या काढून पुन्हां बसवितांना त्यांवरील मळ घासला गेला असेल, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. त्या खुंट्या नीट स्वच्छ कराव्या व कांहीं दिवस लक्ष ठेवावें. शिवाय जुन्या पेटीचा दोष पुष्कळदा ती तापल्यावरच प्रकट होतो. म्हणून पांच मिनिटांच्या फेरफटक्यावर निकाल देऊं नये, इंजिनाचा कप्पा चांगला तापेपर्यंत गाडी चालवून पाहावी.

उष्णता खरी ठरली तर शोध पुढें इंजिनाकडे वळतो: स्पार्क प्लग, त्यास वीज पुरविणारी कॉइल, मधल्या तारा, इंधन फवारणारी सूक्ष्म नळी. या गाडींत आणखी एक ठिकाण पाहावें लागतें. सिलिंडरांतून धूर गोळा करणाऱ्या तिच्या नळ्या तडकतात, ही तिची दुसरी ठाऊक असलेली खोड. तशी भेग पडली म्हणजे बाहेरची हवा आंत ओढली जाते. पुढें बसविलेल्या प्राणवायुमापकास इंधन कमी पडल्याचा भास होतो. नियंत्रक यंत्र इंधन वाढवितें, आणि ‘चेक इंजिन’ हा निराळाच दिवा लागतो. म्हणजे येथें प्राणवायुमापक निर्दोष, नियंत्रक निर्दोष, दिवाही निर्दोष; आणि तरीसुद्धां दिव्याचा सरळ अर्थ घेऊन इंधनयंत्रणा खोलणारा मनुष्य चुकतो. साक्षीदार प्रामाणिक असूनही त्यास जें दिसलें तेंच तो सांगणार; तें तसें कां दिसलें, हा शोध आपला.

या परीक्षेस फार तर एक-दोन दिवस जातात. ती न करणाऱ्यांस दोन वाटा मोहांत पाडतात. पहिली वाट घाबरटाची. दिवा लागला कीं पात्र बदला, पेटी बदला, थर्मोकपल बदला, शेवटीं जें राहिलें तें बदला. या गाडीचें मोठें काम निघालें तर सबंध इंजिनच खालीं उतरवावें लागतें. ठराविक मुदतीनें करावयाचे दातेरी पट्टेदेखील त्याशिवाय बदलतां येत नाहींत. अशा गाडीवर अंदाजानें प्रयोग करणें म्हणजे पोट दुखतें म्हणून शस्त्रक्रिया करून मग निदान करण्यासारखें आहे. पैसा जातो, आणि खरें कारण बहुधा तेथल्या तेथेंच राहतें.

दुसरी वाट याहून वाईट. ती आहे साक्षीदाराचें तोंड बंद करण्याची. कोणी दिव्यावर काळी पट्टी चिकटवितो; कोणी बल्बच काढून टाकतो; कोणी थर्मोकपलच्या जागीं असा तुकडा जोडतो कीं पेटीस सदा सर्वदा थंडावाच दिसावा. एकदां खोटें बोलणाऱ्या मुलाची लांडग्याची गोष्ट आपण लहानपणीं ऐकलेली असते, व तिचें तात्पर्य मुलास लावून मोकळे होतों. पण त्या गोष्टींत गांवकऱ्यांचाही एक दोष आहे. पोर खोटारडें निघालें हें कळल्यावर त्यांनीं दुसरा राखणदार नेमला नाहीं. मेंढरें तशींच रानांत ठेविलीं. खोटा दिवा दुरुस्त न करतां विझविणारा मालक तेंच करतो. वर सांगितलेला लोखंडाचा गोळा तो हा: आंत अग्नि असेल, धूर मात्र कधींच दिसावयाचा नाहीं.

यांत अधिक गंभीर भाग असा कीं, विझविलेल्या दिव्याचें फळ तो विझविणाऱ्यालाच भोगावें लागेल असें नाहीं. तीस वर्षांच्या गाडीचे मालक अनेक होऊन गेलेले असतात. ज्यानें बल्ब काढला तो गाडी विकून सुटतो. आणि पुढचा मनुष्य, फळीवर एकही दिवा नाहीं म्हणून निश्चिंत मनानें, मुलास शेजारीं बसवून रस्त्याला लागतो. पूर्वींच्या मालकानें त्याला एक शब्दही खोटा सांगितलेला नसेल. त्याच्या वतीनें ती गाडीच खोटें बोलते.

हा लबाडपणा ओळखण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती आपल्या साध्या मोटारींसही लागू पडते. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरविली, व इंजिन अजून सुरू केलें नाहीं, अशा वेळीं ‘चेक इंजिन’चा दिवा लागलाच पाहिजे, इंजिन सुरू झालें कीं थोड्याच वेळांत तो विझला पाहिजे. साक्षीदारानें कामास आरंभ करण्यापूर्वीं ‘मी हजर आहें’ असें सांगावयाचें, ही ती पद्धत. मुळींच न लागणारा दिवा हा विझत नसलेल्या दिव्याइतकाच संशयास्पद समजावा. जुनी गाडी विकत घेतांना मुलांनीं रंग व गादी पाहावी, वडील माणसांनीं हें पाहावें.

आपल्याकडील हल्लींच्या मोटारींत हा दिवा बहुधा पिंवळा असतो. तो स्थिर लागला असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं, पण लवकर तपासून घ्यावें. तो उघडझाप करूं लागला, तर ठिणगी चुकत असून पात्रास इजा होत आहे असा त्याचा अर्थ होतो. तेव्हां गाडी थांबवावी. अमेरिकेंत १९९६ पासून या तपासणीची एकच ठराविक पद्धत सर्व मोटारींस लागू झाली, आणि तिच्याच धर्तीची योजना आपल्या गाड्यांतही आहे. गॅरेजवाला एक लहान यंत्र जोडून दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचतो. पी ०३०० म्हणजे ठिणगी चुकते; पी ०४२० म्हणजे पात्राचें काम मर्यादेखालीं गेलें. परंतु हा क्रमांकही साक्षच होय, निकाल नव्हे. पी ०४२० दिसला कीं पात्र बदलण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. नळीला भेग आहे काय, प्राणवायुमापक म्हातारा झाला आहे काय, हें आधीं पाहणारा क्वचित् भेटतो. तो भेटला तर त्यास सोडूं नये. आणि पेट्रोलच्या टांकीचें झांकण नीट बसलें नसलें तरीही हा दिवा कित्येक गाड्यांत लागतो, हें ठाऊक असल्यास एखादी फेरी वांचेल.

तात्पर्य, धोक्याचा दिवा लागला असतां तीन गोष्टी क्रमानें कराव्या. प्रथम त्यास मान देऊन थांबावें. नंतर दुसऱ्या साक्षीनें व अदलाबदलीनें त्याची उलटतपासणी करावी. आणि तो खोटा ठरल्यास त्यास दुरुस्त करून पुन्हां जागेवर बसवावें. मारानेल्लोच्या त्या लाडक्या गाडीला नवी पेटी बसविणारा मालक वस्तुतः तिच्या वेगांत किंवा सौंदर्यांत कणाचीही भर घालीत नाहीं. पुढें केव्हां तरी तो दिवा लागेल, तेव्हां त्यावर विश्वास ठेवतां यावा, एवढ्याचसाठीं तो खर्च करतो; आणि त्या दिवशीं गाडींत तो स्वतः असो कीं दुसरा कोणी असो, तो खर्च वाजवीच ठरेल.